राजयक्ष्म्याची चार कारणे आणि ऊसतोड कामगाराचा हंगाम

राजयक्ष्मा या व्याधीचा परिचय आपणा सर्वांना पदवी अभ्यासक्रमापासूनच आहे. चरकसंहितेतील शोषनिदान व राजयक्ष्मा-चिकित्सा हे दोन्ही अध्याय आपण अभ्यासले, परीक्षेत त्रिरूप, षड्रूप व एकादशरूप लक्षणे लिहिली. व्यवसायात आल्यावर मात्र 'क्षयरोग म्हणजे शासकीय दवाखान्याचे काम' अशी आपली समजूत होऊन बसते. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आजही भारतात आहेत. २०२५ पर्यंत क्षयरोगाचे उच्चाटन करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट होते. रुग्णांचे प्रमाण घटले, परंतु उद्दिष्ट गाठता आले नाही. याची कारणे औषधांच्या गुणवत्तेपेक्षा रुग्णांच्या जीवनमानात अधिक सापडतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे आणि आपले चिकित्सालय व औषधी दुकान येथे काय करता येईल, हे मांडले आहे.

बीज आणि क्षेत्र

क्षयरोगाचे कारण जीवाणू आहे, याविषयी शंका नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा शोध जाहीर केला. परंतु जीवाणूचा संसर्ग झालेल्या प्रत्येकास रोग होत नाही. अशा शंभर व्यक्तींपैकी साधारणतः पाच ते दहा व्यक्तींनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू व मद्य यांमुळे ही शक्यता वाढते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर बीज सर्वत्र पडते, परंतु ते रुजते ते बलहानी झालेल्या क्षेत्रात.

चरकाचार्यांनी राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. आचार्यांना जीवाणू ज्ञात नव्हता, म्हणून ही चार कारणे जीवाणूच्या जागी ठेवता येणार नाहीत. तथापि क्षेत्र दुर्बल कसे होते, याचे हे वर्णन आजही विलक्षण उपयोगी आहे. या चारही कारणांचा एकत्र प्रत्यय घ्यायचा असेल, तर ऊसतोड कामगारांच्या तळावर जावे.

चार कारणांचे प्रत्यक्ष रूप

बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर, धाराशिव अशा जिल्ह्यांतून दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत लाखो स्त्री-पुरुष पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीसाठी जातात. मुकादमाकडून आधी 'उचल' घेतली जाते आणि हंगामभर श्रम करून ती फेडली जाते. पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो.

*साहस.* शक्तीबाहेरचे श्रम आणि भार वाहणे यांचा आचार्यांनी साहसात समावेश केला आहे. भल्या पहाटे फडात जाऊन ऊस तोडणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढविणे, हा येथील नित्यक्रम आहे. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच करावी लागते. तापाने फणफणलेला मनुष्यही कामावर जातो, कारण एका दिवसाचा खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर रक्कम कापली जाते.

*वेगसंधारण.* भय व लज्जा यांमुळे मलमूत्रादी वेग रोखून धरणे, असा याचा ग्रंथोक्त अर्थ आहे. तळावर शौचालय नसते, फडात आडोसा नसतो. स्त्रिया दिवसभर पाणीच कमी पितात. याचे पहिले परिणाम मूत्रमार्गाच्या विकारांत दिसतात, परंतु एकूण बलहानीतही त्याचा वाटा असतो.

*क्षय.* उपवास, चिंता आणि शोक यांनी होणारा धातुक्षय येथे अभिप्रेत आहे. उचलीची फेड, गावी ठेवलेली मुले, सुटलेली शाळा यांची चिंता अखंड असते. स्त्रियांच्या बाबतीत लहान वयातील विवाह, लागोपाठची बाळंतपणे आणि पांडुता यांची त्यात भर पडते.

*विषमाशन.* पहाटे केलेली भाकरी चटणीबरोबर दुपारी उशिरा खायची आणि रात्री परतल्यावर जमेल ते शिजवायचे. डाळ, दूध, अंडी ही नित्याची नसतात. भूक मारण्यासाठी तंबाखू किंवा मिश्री सर्रास चालते.

या चौघांच्या जोडीला निवारा येतो. उसाचे वाढे, बांबू, चटया व प्लास्टिक यांची कोपी, आत चुलीचा धूर आणि एकाच ठिकाणी झोपणारे कुटुंब. उपचार न झालेला फुप्फुसाचा क्षयरुग्ण वर्षभरात निकट सहवासातील पाच ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो. कोपीत ते पाच जण कोण असतील, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सहा महिन्यांचा उपचार, सहा महिन्यांचा हंगाम

औषधांस दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथाम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे वजनानुसार दररोज दिली जातात. औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. मात्र भाद्रपदात गावी निदान झालेला रुग्ण दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या जिल्ह्यात असतो. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, ज्वर जातो, भूक लागते आणि नेमक्या याच वेळी औषध सुटते. अर्धवट उपचारातून रोग उलटतो आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगाचा मार्ग खुला होतो.

याच्या उलट प्रकारही तितकाच आढळतो. रोग तळावर असताना प्रकट होतो आणि निदान हंगाम संपेपर्यंत होतच नाही. गेल्या काही हंगामांत माझ्याकडे आलेल्या अशा रुग्णांचा पूर्ववृत्तान्त जवळजवळ सारखाच असतो. दोन-अडीच महिन्यांचा खोकला, दोन-तीन दुकानांतून घेतलेली कफाची पातळ औषधे, एखाद्या दवाखान्यात घेतलेली सुई-सलाईन आणि तात्पुरता आराम. शासकीय रुग्णालय दिवसा उघडे असते, तर रुग्ण सायंकाळनंतर मोकळा होतो. म्हणून तो प्रथम आपल्याकडे किंवा कोपऱ्यावरील औषधी दुकानात येतो. गरीब रुग्णासाठी आरोग्यव्यवस्थेचे पहिले दार आपले आहे, आणि त्या दारात गेलेले दोन महिने त्याचे कुटुंब भरून देते.

वैद्यांनी पाळावयाची सूत्रे

१. दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला, सायंकाळी येणारा ज्वर, वजनातील घट, रात्रीचा घाम किंवा रक्तष्ठीवन यांपैकी काहीही असल्यास थुंकीची तपासणी होईपर्यंत क्षयरोगाची शंका सोडू नये. सीबीनॅट व ट्रूनॅट या तपासण्यांत जीवाणूचे अस्तित्व आणि रिफाम्पिसिनला असलेला प्रतिरोध हे दोन्ही काही तासांतच कळते. यांपैकी ट्रूनॅट हे तंत्र गोव्यातील कंपनीने विकसित केले असून ते ग्रामीण केंद्रांतही वापरता येते. रुग्णास 'तपासून घे' असे मोघम न सांगता केंद्राचे नाव, वार व वेळ लिहून चिठ्ठी द्यावी.

२. निदानापूर्वी लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे किंवा स्टिरॉइड देऊ नये. त्यांनी लक्षणे काही काळ दबतात, तपासणी फसू शकते आणि निदान लांबते.

३. निदान निश्चित झाल्यावर जीवाणूनाशक उपचारास पर्याय म्हणून आपले कोणतेही कल्प देऊ नयेत. वासा, सितोपलादी, च्यवनप्राश यांचे स्थान सहायक आहे आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवूनच ठरवावे. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतास बाधक ठरू शकतात, म्हणून धातुघटित किंवा तीक्ष्ण कल्पांची भर घालताना विशेष सावधगिरी हवी. पिप्पलीतील पायपरीन रिफाम्पिसिनचे शोषण वाढविते. याच गुणावर आधारलेले, जम्मूच्या केंद्रीय प्रयोगशाळेत विकसित झालेले संयुक्त औषध २००९ मध्ये बाजारात आले. आपले 'साधे' द्रव्यही निष्क्रिय नसते, हे यावरून ध्यानी येईल.

४. रुग्णास पूर्वकल्पना द्यावी. रिफाम्पिसिनमुळे मूत्र नारिंगी होते. हे न सांगितल्यास 'उष्णता झाली' म्हणून रुग्ण औषध सोडतो. मात्र डोळे पिवळे होणे, सतत वमन, दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित केंद्रात जावे. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव घटतो, हे स्त्री रुग्णांस एकांतात सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक क्षयरुग्णाची रक्तशर्करा व एचआयव्ही तपासणी झाली आहे का, हे विचारावे.

५. स्थलांतराची तारीख विचारावी. 'निक्षय' या संगणकीय नोंदणीत प्रत्येक रुग्णास क्रमांक मिळतो आणि त्या आधारे उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो. हा क्रमांक रुग्णाच्या कागदावर ठळक लिहून द्यावा व भ्रमणध्वनीतही नोंदवून घ्यावा. निघण्यापूर्वी केंद्रास कळविण्यास सांगावे.

६. घरातील इतरांची तपासणी करवून घ्यावी. ज्यांना रोग नाही अशा सहवासितांसाठी प्रतिबंधक उपचार उपलब्ध आहे. पाच वर्षांखालील बालकांच्या बाबतीत तर विलंब करूच नये.

औषधविक्रेत्यांसाठी

क्षयरोगावरील औषधे १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. डॉक्टर, रुग्ण, औषध व परिमाण यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांचाही त्यात स्पष्ट समावेश झाला आणि कसुरीबद्दल दंडात्मक तरतूद आली. परंतु नोंदवहीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो एक प्रश्न : 'खोकला किती दिवस आहे?' एकच गिऱ्हाईक तिसऱ्यांदा कफाची बाटली मागत असेल, तर बाटलीसोबत तपासणी केंद्राचा पत्ता द्यावा. २०२४ च्या प्रारंभी अनेक ठिकाणी शासकीय केंद्रांत या औषधांचा तुटवडा झाला होता. अशा प्रसंगी खासगी दुकानातील साठा हाच रुग्णाचा आधार ठरतो, याचेही भान ठेवावे.

आहार हीही चिकित्सा

१९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील अभ्यासाने असे दाखविले की घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, जरी त्यांचा आहार निकृष्ट असला तरी. गरिबांसाठी हा मोठाच दिलासा होता. परंतु त्यातून आहाराचा विचार दीर्घकाळ मागे पडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील 'रेशन्स' अभ्यासाने तो पुन्हा पुढे आणला. तेथे क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना धान्य, डाळ व सूक्ष्मपोषक द्रव्ये दिली असता त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. फुप्फुसाच्या व तपासणीने सिद्ध झालेल्या क्षयरोगात ही घट ४८ टक्के होती. रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढणाऱ्यांचे मृत्युप्रमाणही लक्षणीय कमी आढळले. विषमाशन हे कारण मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना यात नवल वाटू नये.

येथे आपल्या एका सवयीचा पुनर्विचार व्हावा. रुग्ण आला की आपण अपथ्याची लांबलचक यादी देतो. ज्याच्या ताटात मुळात भाकरी व मिरचीच आहे, त्याला डाळ वातूळ, अंडे उष्ण, शेंगदाणे पित्तकर असे सांगितले, तर त्याच्याकडे खाण्याजोगे काय उरते? आचार्यांनी शोषरुग्णास मांसरस, शेळीचे मांस व अजादुग्ध सांगितले आहे. त्याच हेतूने भाकरीबरोबर घट्ट वरण, उसळ, शेंगदाणा-गूळ, दूध आणि चालत असल्यास अंडी व मटणाचा रस हे पथ्य लिहून द्यावे. दर महिन्यास वजन करून चिठ्ठीवर नोंदवावे.

निक्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून रुग्णास दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. ती थेट बँक खात्यात जमा होते. स्थलांतरित रुग्णाचे खाते चालू व आधारशी जोडलेले आहे का, एवढे विचारले तरी अनेकांचे अडलेले पैसे मोकळे होतात. सप्टेंबर २०२२ पासून 'निक्षय मित्र' म्हणून व्यक्ती वा संस्था रुग्णांना पोषण आहार पुरवू शकते. कारखान्यांच्या परिसरातील आपल्या संघटनेच्या शाखांनी व औषधविक्रेत्यांनी एकत्र येऊन हंगामापुरते काही रुग्ण दत्तक घेणे सहज शक्य आहे.

उपसंहार

उचलीची पद्धत, तळावरील शौचालये, मजुरीचे दर हे प्रश्न आपल्या चिठ्ठीने सुटणारे नाहीत. ते शासन, साखर कारखाने व समाज यांनी सोडवावयाचे आहेत आणि त्यासाठी वैद्य म्हणून आपण साक्ष देत राहिले पाहिजे. तथापि चार कारणांपैकी जी आपल्या हाती येतात, ती सोडण्यास निमित्त उरत नाही. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. त्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील थुंकी तपासणी केंद्रांची व क्षयरोग पर्यवेक्षकांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी करून सभासदांच्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत लावावी, ही नम्र सूचना. निदानचिकित्सेचा क्रम लावताना आचार्यांनी प्रथम निदानपरिवर्जन सांगितले आहे. दोन आठवड्यांच्या खोकल्याला वेळीच तपासणीस पाठविणे आणि रुग्णाच्या ताटात डाळ पोहोचविणे, हे त्याचे आजचे रूप होय.