आरमोरीचा बाजार व झाडीपट्टींतील घरची मीठ-मिरची

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या वंशावळी, सनदा, निवाडे व लढाया यांकडे संशोधकाची दृष्टि आधीं जाते, व तें योग्यही आहे. परंतु ज्या प्रजेवर त्या राजांनीं राज्य केलें ती प्रजा काय खात होती, तें कोठून आणीत होती व त्याचें मोल कशानें चुकवीत होती, हा प्रश्न सनदांइतकाच महत्त्वाचा असून त्याकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. चांदा प्रांतासंबंधीं तर हें विशेषच खरें आहे. गोंड राजांविषयीं, त्यांचें राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे कसें गेलें याविषयीं, व वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणींविषयीं बरेंच लिहिलें गेलें आहे. त्याच वैरागडाजवळच्या आरमोरीच्या बाजारांत येणाऱ्या बाईच्या टोपलींत येतांना काय असे व परततांना काय असे, याचा विचार त्या मानानें फारच थोडा झाला.

प्रस्तुत लेखांत या टोपलीचाच विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : झाडीपट्टींतील जुन्या घरास खाण्यापिण्याच्या जिनसांपैकीं बाजारांतून नित्य आणल्यावांचून गत्यंतर नाहीं अशी वस्तु मुख्यतः एकच होती, ती म्हणजे मीठ, बाकीचें सर्व बांधींतून, तळ्यांतून किंवा रानांतून येई. पुढें ‘घरचें’ व ‘बाजारचें’ यांमधील ही सीमा सरकत गेली, आणि ती केवळ बाजारानें सरकविली नाहीं, तर बऱ्याच अंशीं कायद्यानें सरकविली.

(१) स्थळाचा विचार

आरमोरी हें गांव वैनगंगेच्या डाव्या म्हणजे पूर्वेकडील बाजूस आहे. इंग्रजी अमदानींत तें चांदा जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तहसिलींत मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून तें त्या जिल्ह्यांत आहे. नदीच्या पश्चिमेस ब्रह्मपुरी-नागभीडकडील धानाचा व तळ्यांचा मुलूख. पूर्वेस कुरखेडा, कोरची, धानोरा या बाजूचें अरण्य व जुन्या जमीनदाऱ्या. त्यांपलीकडे छत्तीसगड व बस्तर. शेतीचा मुलूख व रानाचा मुलूख यांच्या सांध्यावर हें गांव असल्यामुळें एकाचें धान व दुसऱ्याचा रानमेवा येथें एकमेकांस भेटत. टसर रेशमाच्या विणकामाबद्दलही आरमोरीची ख्याति आहे. तेव्हां वस्त्रासाठींसुद्धां येथील माणसास फार दूर जावें लागत नव्हतें.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. वैनगंगेवर पूल नव्हते त्या काळीं मृगापासून पुढें नदी उतरून जाणें बिकट होई. त्यामुळें पावसाळ्याची बेगमी हें या भागांतील गृहिणीचें वर्षांतील मोठें काम असे. वाळविलेल्या भाज्या, सुकी मासळी, मिरच्या आणि ओल धरूं नये म्हणून चुलीजवळ जपून ठेवलेलें मीठ, एवढ्यावर चार महिने काढावयाचे असत. पूल झाले तरी नदीनें आपला हक्क सर्वस्वीं सोडलेला नाहीं. २०२० च्या ऑगस्टअखेरच्या महापुरांत या भागांतील रस्ते पाण्याखालीं गेले होते.

(२) घरचें अन्न

येथील मुख्य पीक धान. धानास वेळेवर पाणी पाहिजे, व तें देणारीं तळीं हीच या मुलुखाची खरी संपत्ति होय. जो जंगल तोडून तळें बांधील त्यास तळ्याखालीं भिजणारी जमीन द्यावी, अशी रीति चांद्याच्या हीरशहा राजानें घातली, असें परंपरा सांगते. तळीं बांधण्याच्या विद्येंत कोहळी लोक प्रवीण होते. तळ्याच्या पाण्यावर ते उंसाचे मळेही करीत, म्हणजे गूळही जवळपासच होई. मालगुजारी पद्धति १९५० च्या कायद्यानें संपली. तेव्हांपासून या तळ्यांस ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ असें गोड नांव पडलें आहे. तळें केवळ पाणीच देत नसे. मासळी, झिंगे व शिंगाडे हेंही त्याचेंच देणें होतें.

धानाच्या एकाच बांधींतून घराच्या तीन गरजा भागत, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. धान उभें असतांनाच, चिखल ओला आहे तोंवर, त्यांत लाखोळी व जवस फेंकून पेरीत. धान कापून नेल्यावर उरलेल्या ओलीवर हीं पिकें वाढत. अशा रीतीनें भात, डाळ व तेल हीं तिन्ही एका जमिनींतून निघत. लाखोळीचा कोंवळा पाला भाजीस येई व तो वाळवून पावसाळ्यासाठीं ठेवीत. परसांत मिरची, सांभार, कोचई, भेदरे हीं असतच.

उरलेलें रान पुरवी. फाल्गुन-चैत्रांत पहाटे मोहाचीं फुलें गळतात. तीं वेंचून उन्हांत वाळविलीं म्हणजे वर्षभर टिकतात. त्यांत साखरेचा अंश पुष्कळ असल्यामुळें गुळाच्या ठिकाणीं त्यांचा उपयोग होई, तींच भाजून-शिजवून खात, आणि त्यांचीच दारू गाळीत. मोहाच्या बियांपासून तेल निघे. वैशाखांत चारोळी व टेंभुर्णीचीं फळें, पावसाळ्याच्या आरंभीं बांबूचे कोंब, ज्यांस येथें वास्ते म्हणतात, आणि पुढें रानांतल्या सात्या, तरोट्याची भाजी इत्यादि पदार्थ ऋतुक्रमानें येत. सकाळीं पेज अथवा आंबील, दुपारीं व रात्रीं भात आणि कोरड्यास यांपैकीं कांहीं, असा सामान्य क्रम असे. आजही आठवड्याच्या बाजारांत सात्या व वास्ते तागडीनें न विकतां वाट्यावाट्यानें मांडलेले दिसतात.

वरील यादी पुन्हा पाहिली तर तींत एका जिनसेची उणीव स्पष्ट दिसते. जवस बांधींत होतो, मिरची परसांत होते, गोड मोहांत आहे. पण मीठ या मुलुखांत कोठेंही पिकत नाहीं.

(३) मीठ

आंबील असो, पेज असो कीं पाल्याची भाजी असो, मिठावांचून ती घशाखालीं उतरत नाहीं. ज्याच्या ताटांत तूप-दूध आहे तो एखादे वेळीं अळणी खाऊं शकेल. ज्याच्या ताटांत नुसती पेज आहे त्यास मीठ हेंच कालवण. म्हणून मीठ ही गरिबाची चैन नसून त्याची पहिली गरज होती.

आगगाडीपूर्वीं मध्य हिंदुस्थानच्या अंतर्भागांत समुद्रकांठचें मीठ लमाणांच्या तांड्यांनीं बैलांच्या पाठीवर लादून येई, व परततांना त्याच पाठींवर धान्य जाई. १८६७ सालीं मुंबईकडील आगगाडी नागपुरास पोंचली. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोंदियाहून नागभीडमार्गें चांद्याकडे जाणारा अरुंद रूळमार्ग झाला व आरमोरीजवळचें वडसा हें त्यावरील ठाणें बनलें. वाहतूक स्वस्त झाली, परंतु मीठ त्या मानानें स्वस्त झालें नाहीं. कारण त्यावर सरकारी कर होता.

या कराचा बोजा किती होता हें साध्या हिशेबानें समजतें. १८८८ पासून १९०३ पर्यंत मिठावरील कर दर मणास अडीच रुपये होता. अडीच रुपयांचे आणे चाळीस व मणाचे शेरही चाळीस. म्हणजे शेरामागें नेमका एक आणा केवळ कराचा. मूळ किंमत, भाडें व दुकानदाराचा नफा यांहून वेगळा. आतां याच पंधरा वर्षांत मध्यप्रांतावर १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ कोसळले, हें ध्यानांत आणावें. धान गेलें, तेव्हां लोक मोहफुलांवर, कंदांवर व पाल्यावर जगले. आणि ज्या अन्नास मीठ सर्वांत अधिक लागतें तेंच खाण्याची पाळी आली असतां शेरास एक आणा कर त्यांच्या मानेवर होता. १९०३ त तो दोन रुपये, १९०५ त दीड रुपया व १९०७ त एक रुपया मण असा उतरत गेला. पुढें कांहीं वर्षें तो पुन्हा चढला. शेवटीं १९४७ सालीं तो रद्द झाला.

(४) माप

रोख आणा ज्या घरांत क्वचित् येई, त्या घरीं मीठ कशानें घेत? उत्तर टोपलींत आहे. बाई बाजारास आली ती घेणारी म्हणून नव्हे, तर आधीं विकणारी म्हणून. टोपलींत मोहफुलें, चारोळी, लाख अथवा धान. परततांना मिठाची पुडी. मध्य हिंदुस्थानच्या अरण्यप्रदेशांत मापास माप मीठ घेऊन चारोळी दिली जात असे, असें सर्वत्र सांगतात. चारोळी वेंचणें, वाळविणें, फोडणें यांस लागणारे दिवस मोजले, तर हा विनिमय किती विषम होता हें सांगावयास नको.

विषमता केवळ दरांत नव्हती, मापांतही होती. जुना व्यवहार पायली, कुडव व खंडी या मापांचा, म्हणजे वजनाचा नव्हे, तर आकारमानाचा होता. पायली शिगोशीग भरली तर एक प्रमाण व सपाट पुसून दिली तर दुसरें. घेतांना शीग ठेवावयाची व देतांना हात फिरवावयाचा, एवढ्यानेंच एका मापामागें दोन मुठी इकडच्या तिकडे होतात, व त्यासाठीं उघड खोटें बोलावें लागत नाहीं. शिवाय पायली गांवोगांव सारखी नसे. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं, त्यांचें हें महत्त्व शहरांतील वाचकास सहसा जाणवत नाहीं. धानाचा हिशेब मात्र वडील माणसें अद्याप खंडीनेंच बोलतात.

(५) सीमा कशी सरकली

आतां कायद्याकडे वळूं. मिठाचा कायदा वर आलाच आहे. त्याच शतकांत १८७८ च्या जंगल कायद्यानें रान सरकारी झालें. ज्या रानांतून घरची अर्धी शिदोरी येई तेथें आतां परवानगी लागूं लागली. १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां वऱ्हाडांत दहीहंडा येथें खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढण्यांत आलें. परंतु समुद्र नसलेल्या या प्रांतांत चळवळीनें खरा जोर धरला तो जंगल सत्याग्रहाच्या रूपानें, व पुसद येथें १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं त्याचा आरंभ केला. मिठाऐवजीं जंगल, हा फरक केवळ सोयीचा नव्हता. झाडीपट्टीसारख्या मुलुखांतील घरास मीठ व रान हीं एकाच टोपलीचीं दोन अंगें होतीं, हें वरील विवेचनावरून दिसून येईल.

मोहाच्या दारूवर अबकारीचा अंमल बसला, व घरीं गाळली जाणारी वस्तु ठेक्याच्या दुकानांतून विकत घेण्याची झाली. तिच्यापायीं संसार उध्वस्त होऊं लागले, तेव्हां लोकांनींच चळवळ करून १९९३ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी करविली. लाखोळीची गोष्टही अशीच आहे. दुष्काळांत महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात; त्यास कारण होणारें द्रव्य शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं निश्चित केलें. तत्पूर्वींच १९६१ त तिच्या विक्रीस बंदी झाली होती. महाराष्ट्रांत ती पुढें उठविण्यांत आली. ऊन पाण्यांत भिजवून तें पाणी टाकून दिलें असतां दोष बराच कमी होतो. दोष खरा होता. पण बंदीच्या काळांत बांधींतली डाळ विकणें गुन्हा ठरलें व दुकानांतील तुरीची डाळ विकत घेणें भाग पडलें, हाही परिणाम खरा आहे.

यानंतर चहा, साखर, गोडें तेल, साबण, काडेपेटी अशी यादी वाढत गेली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें शिधापत्रिकेवरील धान्य हा हक्क झाला. त्यायोगें उपासमारीचें भय पुष्कळ कमी झालें, हें मान्य केलेंच पाहिजे. उलट दिशेनेंही कांहीं घडलें : २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाले, व रानाच्या मालाचा भाव ठरविण्यांत गांवाचा शब्द पुन्हा लागूं लागला.

(६) समारोप

तात्पर्य, जुन्या काळीं सर्व सुखी होते व आतां सर्व दुःखी आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. दुष्काळांत जें घर पाल्यावर जगलें त्यास जुना काळ गोड वाटला नसेल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या घराचें दारिद्र्य अन्नाच्या तुटीनें जितकें झालें तितकेंच, एका न पिकणाऱ्या वस्तूसाठीं आपलें पिकलेलें दुसऱ्याच्या मापानें द्यावें लागल्यामुळें झालें. हें सिद्ध करणारीं साधनें राजदप्तरांत थोडीं, व घराघरांत पुष्कळ आहेत : जुन्या लाकडी व लोखंडी पायल्या, किराणा दुकानांच्या चोपड्या, मालगुजारांच्या वह्या, आणि वृद्ध स्त्रियांच्या स्मरणांतले दर. पायल्या भंगारांत जात आहेत, चोपड्यांस वाळवी लागत आहे, व स्मरणें माणसांबरोबर जातात. ज्या वाचकांचे या मुलुखाशीं संबंध आहेत त्यांनीं आपल्या घरची पायली किती धान धरते हें मोजून, आणि आजीच्या वेळीं एका पायली मोहास किती मीठ मिळे हें विचारून, लिहून ठेवावें. चांद्याच्या इतिहासाचें तें एक पान होईल, व तें दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहीं.