लोणावळ्याच्या एक स्टेशन आधी उतरा!

पुण्याहून लोकलने निघालात तर थेट लोणावळा गाठू नका, मळवलीला उतरा. द्रुतगती मार्ग ओलांडून चालत गेलं की भाजे लेणी. इ.स.पू. दुसऱ्या शतकातली! चैत्यगृहाचे खांब आत कललेले, लाकडी बांधकामाची थेट नक्कल. पुढच्या विहारातला रथारूढ सूर्य घाईत चुकवू नका.

रुळांपलीकडे कार्ला लेणी. इथलं चैत्यगृह सुमारे 45 मीटर लांब, छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर. खांबांवर दान देणाऱ्या यवनांची (म्हणजे ग्रीकांची) नावं कोरलेली आहेत, कारण कोकणातल्या बंदरांचा माल बोरघाटातून याच वाटेने वर यायचा. (लोणावळ्याचे चिक्कीवाले बरेच नंतर आले!)

जवळचा लोहगड किल्ला त्याच दिवसात कोंबू नका. त्याला वेगळा दिवस द्या. आणि पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळाच.