मानेंतील रोहिणी आणि रक्तांतील मेद

कंठमण्याच्या शेजारीं बोट हलकेंच टेकलें असतां जो ठोका जाणवतो, तो ग्रीवा-रोहिणीचा होय. मेंदूस जाणारें बहुतेक रक्त अशा दोन रोहिण्यांतून वर चढतें. तिचें कॅरॉटिड हें नांव ज्या ग्रीक शब्दावरून आलें, त्याचा अर्थच 'गाढ गुंगी' असा आहे.

कंठमण्याच्या वरच्या कडेपाशीं या रोहिणीस दोन फांटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. नदी दुभंगते तेथें कडेचा प्रवाह मंदावून गाळ सांचावा, तसाच प्रकार या बेचक्यांत घडतो. मात्र हा गाळ भिंतीवर न बसतां भिंतीच्या आंत शिरतो. मेद पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून रक्तांतून तो प्रथिनांच्या वेष्टनांत बांधून नेला जातो. त्यांतील एल.डी.एल. नांवाचे कण अस्तराखालीं रुततात. त्यांना गिळावयास आलेल्या श्वेतपेशी फुगून तेथेंच मरतात, आणि वर्षानुवर्षें लापशीसारखा थर वाढत जातो. १९१३ सालीं रशियांत अनिच्कॉव्ह यांनीं सशांस कोलेस्टेरॉल चारून हा विकार उत्पन्न करून दाखविला होता. परंतु ससा पडला तृणभक्षक, त्यावरून मनुष्याचें काय ठरणार, अशी शंका काढून पुष्कळांनीं तिकडे काणाडोळा केला.

नळी बुजली म्हणून रक्त थांबलें, असा सामान्य समज आहे. बहुधा घडतें तें निराळेंच. थरावरील पापुद्रा फाटतो, तेथें रक्ताची गुठळी धरते आणि तिचा कण वाहत जाऊन मेंदूंत अडकतो. कण बारीक असल्यास लवकरच विरून जातो. एका डोळ्यापुढें क्षणभर पडदा उतरतो, हातांतली वाटी गळते, वाचा अडखळते, आणि दहा-पंधरा मिनिटांत सर्व पूर्ववत् होतें. घरची मंडळी पित्ताचें निमित्त सांगून लिंबाचें सरबत देतात व निश्चिंत होतात. वस्तुतः धोक्याची वेळ तीच. मोठा आघात यावयाचा असल्यास पुष्कळदां तो पुढील कांहीं दिवसांतच येतो. त्याच दिवशीं रुग्णालय गांठलें पाहिजे.

१९५४ सालीं लंडन येथें ईस्टकॉट व त्यांचे सहकारी यांनीं असे झटके वारंवार येणाऱ्या एका स्त्रीच्या रोहिणीचा रोगट भाग कापून टोकें पुन्हा जोडलीं, झटके थांबले. उत्तर अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. झटका येऊन गेलेला आहे व नळी ७० टक्के वा अधिक अरुंद आहे, अशा रोग्यांपैकीं केवळ औषधांवर राहिलेल्या शंभरांतील २६ जणांस दोन वर्षांत त्याच रोहिणीच्या वाटेनें अर्धांगवायु झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ जणांस. अर्थात् स्टॅटिन औषधें सर्रास होण्यापूर्वींची ही गोष्ट.

तीं औषधें घेऊनही सोनोग्राफींत नळी फारशी मोकळी झालेली दिसत नाहीं, आणि म्हणून कित्येक जण तीं आपल्याच मनानें सोडून देतात. परंतु मेद उणा झाला म्हणजे थराचा गाभा आकसतो, पापुद्रा बळकट होतो आणि तो फाटण्याचें भय कमी होतें. हा पालट नळीच्या रुंदीच्या आंकड्यांत उमटत नाहीं. यास्तव झटका येऊन गेलेल्या अशा रोग्याचें एल.डी.एल. दर १०० मिलिलिटर रक्तास ७० मिलिग्रॅमच्या खालीं ठेवावें, असा आजचा दंडक आहे.