डबा एक, नावं तीन

भाईंदर स्टीलच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. पश्चिमेच्या दुकानातून ऑर्डर आली की गाळ्यात पत्र्याची चकती कापायची, प्रेसवर ओढायची, पॉलिश, मग पॅकिंग. प्रत्येक टप्प्याची वही वेगळी. म्हणून डबे तयार आणि झाकणं अजून पॉलिशवाल्याकडे, हे टेम्पो दारात लागल्यावर कळतं!

ईआरपी हे सॉफ्टवेअर म्हणजे या साऱ्या टप्प्यांची एकच वही. ऑर्डर एकदा नोंदवली की पत्र्याचा साठा, मजुरी, जीएसटीचं बिल सगळं तिथूनच निघतं. नाव १९९० सालचं, गार्टनर या अमेरिकी संस्थेनं दिलेलं.

सॉफ्टवेअर विकत मिळतं. डोकेदुखी मालाच्या यादीची. गोदामात ‘दहा नंबर’, बिलात ‘डबा मोठा’, शेठच्या तोंडी ‘तो गुजरातवाला’. तिन्ही एकच, हे गोदामातला जुना माणूसच सांगणार. त्याला आठवडाभर यादीवर बसवा, माल मोजायला दुसरा कुणीतरी बघा.