कोरोना बरा झाला, मूत्रपिंडाचे काय?



२०२० व २०२१ साली आपल्यापैकी अनेकजण कोरोनाने आजारी पडले, बरे झाले आणि पुन्हा रानात कामाला लागले. त्या वेळी छातीचा फोटो सर्वांनी काढला. पण मूत्रपिंडाची, म्हणजे किडनीची, चौकशी फारशी कोणी केली नाही. म्हणून त्याविषयी येथे थोडी माहिती देत आहोत.

कारखान्यात रस गाळून गाळ बाजूला काढतात, तसे रक्त गाळण्याचे काम मूत्रपिंडे करतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. एकदा गेलेली गाळणी पुन्हा तयार होत नाही. कोरोनात प्राणवायू कमी पडणे, रक्तदाब उतरणे, अंगातील दाह, बारीक रक्तवाहिन्यांतील गुठळ्या आणि ताप-जुलाबाने पाणी घटणे, यांमुळे या गाळण्यांना इजा होते.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोरोनातून बचावलेल्या ८९,२१६ जणांची तुलना कोरोना न झालेल्या सोळा लाखांहून अधिक लोकांशी केली. बचावलेल्यांत पुढील काही महिन्यांत मूत्रपिंडाची शक्ती घटण्याचा धोका जास्त आढळला. अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत तो सर्वांत जास्त, तर घरीच बरे झालेल्यांत थोडा; पण होता. चीनमधील वुहान येथे दवाखान्यात असताना ज्यांची मूत्रपिंडे चांगली होती, त्यांच्यापैकीही सुमारे १३ टक्के लोकांत सहा महिन्यांनी काम कमी झालेले दिसले.

यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण गाफीलही राहू नये. मूत्रपिंडाचे दुखणे लवकर कळत नाही. पायाला सूज, लघवीला फेस, मळमळ अशी लक्षणे दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

तेव्हा आमचे सांगणे असे :

१) कोरोनात दवाखान्यात राहिलेल्यांनी, तसेच मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. क्रिएटिनिन व वय यांवरून डॉक्टर गाळण्याचा वेग काढतात. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर जुनाट विकार समजतात.

२) भरणी-तोडणीच्या दिवसांत अंग दुखले की डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून खायची सवय सोडावी. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात.

३) उन्हात काम करताना वरचेवर पाणी प्यावे. मूत्रपिंडाचा विकार आधीच असेल, तर किती प्यावे ते डॉक्टरांना विचारावे.

४) साखर व रक्तदाबाची औषधे बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नयेत.

ऊस पिवळा पडायची वाट न बघता आपण माती तपासून घेतो. तेवढीच काळजी स्वतःच्या अंगाची घ्या, एवढीच विनंती.