लंपी : गोठ्यातील कोणती माशी धोक्याची?

बिडकीन : पावसाळ्यात गोठ्यात माश्या वाढल्या, की बिडकीन परिसरातील पशुपालकांना ‘लंपी’ची आठवण होते. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात आढळलेला हा आजार पाहता पाहता मराठवाड्यासह राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. पण प्रत्येक माशी लंपी पसरवते का?

आजार कशाचा?
लंपी हा देवीच्या गटातील विषाणूमुळे होतो. ताप, अंगभर गाठी, पायांना सूज आणि दूध घटणे ही प्रमुख लक्षणे. भारतात तो प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला. तो माणसाला होत नाही.

कोणती माशी धोक्याची?
गोठ्यातील चावरी माशी, म्हणजेच स्टोमोक्सिस. ती घरमाशीसारखीच दिसते. पण तिची सोंड टोकदार आणि पुढे आलेली असते. नर-मादी दोघेही रक्त पितात. चावा दुखतो, जनावर पाय आपटते, शेपटी मारते. माशी अर्धपोटी उडून शेजारच्या जनावरावर बसते. सोंडेला लागलेला विषाणू असा पुढे जातो. डास आणि गोचीडही वाहक ठरू शकतात.

घरमाशीचे काय?
घरमाशी चावत नाही. चीनमध्ये साथीच्या काळात पकडलेल्या घरमाश्यांवर या विषाणूचा अंश सापडला आहे. मात्र विषाणू सापडणे वेगळे आणि त्याने आजार पसरणे वेगळे. तरीही जखमांवर माश्या बसू न देणे शहाणपणाचे.

फवारणी पुरेशी आहे का?
नाही. चावरी माशी ओलसर शेण, कुजका कडबा आणि सांडलेल्या वैरणीत अंडी घालते. उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. गोठ्याच्या कोपऱ्यात साचलेला हा ओला थर दर आठवड्याला काढला, तर नवी पिढी तयारच होत नाही. नुसत्या फवारणीने आजच्या माश्या मरतात, उद्याच्या नाही.

पशुपालकांनी काय करावे?
• लसीकरण वेळेत करावे; मुख्य संरक्षण तेच.
• गाठी दिसताच जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ क्रमांकावर कळवावे.
• बाजारातून आणलेले जनावर चार आठवडे वेगळे ठेवावे. माशी शेजारच्या गोठ्यापर्यंत जाते. दूरच्या गावी मात्र आजार टेम्पोतून पोहोचतो.
• उकिरडा गोठ्यापासून लांब ठेवावा, शेणखत झाकावे.
• दूध उकळूनच प्यावे.