तेजपाल ते फैजपूर, आणि पुढे

पुण्यात पटकीची साथ आली आणि काँग्रेसचं पहिलं अधिवेशन ऐनवेळी मुंबईला हलवावं लागलं. २८ डिसेंबर १८८५ रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. सनदी परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, लष्करी खर्च आवरा, कायदेमंडळांत लोकनियुक्त सभासद नेमा, या त्यांच्या मागण्या. मंडळी शिकलेली, तळमळीची. पण सारा भरायला बैल विकणारा माणूस त्या दालनात नव्हता.

तो भेटायला पक्षाला ५१ वर्षं लागली. डिसेंबर १९३६, फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन, तेही खानदेशात, केळीच्या मुलखात. धनाजी नाना चौधरींनी ते अंगावर घेतलं, साने गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडले. मुंबईहून धावपटूंनी हातोहात ज्योत आणली. गांधीजींचा आग्रह एकच: गावात मिळेल त्याच सामानात सारं उभं राहावं. शांतिनिकेतनातून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबूतून अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं. मला त्या बांबूच्या कमानींत पक्षाचा विचार दिसतो, आणि तो ठरावांतही उतरला. अध्यक्ष नेहरू समाजवादावर बोलले. सारा आणि खंड कमी करा, कुळाला जमिनीची शाश्वती द्या, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या, असा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला.

काँग्रेसचा एकच एक ग्रंथ कधी नव्हता. एकाच मांडवात गिरणीमालक होते, जमीनदार होते, आणि नाशिकच्या तुरुंगात खल करून १९३४ साली पक्षातच समाजवादी पक्ष काढणारे जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धनही होते. इंग्रज जाईपर्यंत मांडव टिकला. १९४८ साली नाशिकलाच समाजवाद्यांनी काँग्रेस सोडायचं ठरवलं. त्याच सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे शेतकरी कामगार पक्षाकडे गेले. फैजपूरच्या कार्यक्रमाचा आग्रह धरणारेच बाहेर पडले, याची हळहळ मला आजही वाटते.

तरी कूळ कायदा १९४८ साली आलाच. पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि सातबाऱ्यावरचं कूळ जमिनीचं मालक झालं. त्याआधीच कित्येकांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याचे कागद मालकांनी करून घेतले होते. आणि ज्याला पोटापुरती मजुरी द्यायचं फैजपूरला ठरलं होतं, त्या शेतमजुराचं नाव सातबाऱ्याच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.